जन्म २.१०, वार २.२०

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: बाळंतपणानंतर अडकलेली वार आणि तिच्यापायी होणारा उशीर

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त आरोग्यसेविका. सह्याद्रीतल्या एका आदिवासी तालुक्यात ३१ वर्षं नोकरी केली, आधी उपकेंद्रात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. किती बाळंतपणं केली याचा आकडा सरकारी रजिस्टरात आहे, आणि माझ्या स्वतःच्या वहीतही आहे. दोन्हींत एक फरक आहे. त्या फरकाबद्दल हे पत्र आहे.

प्रसूतीच्या नोंदीत बाळाच्या जन्माची वेळ लिहितात आणि पुढे वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, पडल्याची वेळ लिहितात. कुठल्याही केंद्रातलं जुनं रजिस्टर मागवून पाहा. जन्म ४.३०, वार ४.४०. जन्म ११.०५, वार ११.१५. पानामागून पान हाच दहा मिनिटांचा हिशेब दिसेल. इतक्या बायकांची वार घड्याळ लावून पडत नाही. बाळाला पुसायचं, त्याचा श्वास बघायचा, नाळ कापायची, बाईला इंजेक्शन द्यायचं, आणि हे सगळं बऱ्याचदा एकटीने करायचं. अशा वेळी घड्याळाकडे कुणाचं लक्ष जात नाही. नंतर रजिस्टर पुढ्यात आलं की जन्माच्या वेळेत दहा मिनिटं मिळवून रकाना भरला जातो. मीही भरला आहे. बहुतेक वेळा त्याने कुणाचं नुकसान होत नाही, म्हणूनच ती सवय लागते.

शंभर बाळंतपणांत एक ते तीन वेळा वार अर्ध्या तासात पडत नाही. वर्षाला दोनशे प्रसूती होणाऱ्या केंद्रात ही पाळी दोन-चार वेळा तरी येणारच. म्हणजे ही क्वचित घडणारी, कुणाला सुचणारही नाही अशी गोष्ट नव्हे.

माझ्या वहीतली एक रात्र सांगते. बाईची तिसरी खेप होती, आधीची दोन्ही बाळंतपणं सुखरूप. पावसाळ्याचे दिवस. २ वाजून १० मिनिटांनी मुलगी झाली, पावणेतीन किलोची, खणखणीत रडली. मी लगेच गर्भपिशवी आवळण्यासाठी मांडीत ऑक्सिटोसिनचे १० युनिट दिले. पिशवी घट्ट झाली की एक हात ओटीपोटावर ठेवून पिशवी वर धरायची आणि दुसऱ्या हाताने नाळ हलकेच, एकसारखी ओढायची, तसं केलं. नाळ पुढे येईना. हात सैल सोडला, थांबले, पुन्हा पाहिलं. वार सुटल्याची खूण असते: नाळ लांब होते, रक्ताचा एक लोंढा येतो, पिशवी गोल होऊन वर सरकते. यातलं काहीच दिसलं नाही. लघवीची नळी घातली, कारण भरलेली लघवीची पिशवीसुद्धा वार अडवून धरते. सलाईन लावलं, ऑक्सिटोसिन पुन्हा दिलं. २.४० ला वरिष्ठांना फोन केला. त्यांनी विचारलं, रक्त जातंय का? मी म्हटलं, फारसं नाही. ते म्हणाले, मग घाई कशाला सिस्टर, तास-दोन तास बघा, पडेल आपोआप.

मी थांबले. ३.३५ ला ती म्हणाली, "बाई, खाली गरम वाटतंय." चादर उचलली तेव्हा गादीतून रक्त जमिनीवर टपकत होतं.

तेव्हा १०८ ला फोन केला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, पन्नास मिनिटांनी आली. ग्रामीण रुग्णालय ३४ किलोमीटरवर. तिथे पोहोचलो तर त्या रात्री भूलतज्ज्ञ नव्हते आणि रक्तही नव्हतं. त्यांनी आणखी एक सलाईन लावलं आणि पुढची चिठ्ठी लिहून दिली. सिव्हिलला पोहोचायला साडेसहा झाले. तिची नाडी माझ्या बोटांना लागत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन हाताने वार काढली. त्या कामाला पंधरा मिनिटं लागली. पंधरा मिनिटांच्या कामासाठी आम्ही साडेचार तास फिरलो होतो.

ती वाचली. तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं, अंगावर दूध उशिरा आलं, वर्षभर चालताना तिला दम लागायचा. पण वाचली. महिनाअखेरीस आमच्या केंद्राचं रजिस्टर माझ्या हाती आलं. तिच्या ओळीतला वारेच्या वेळेचा रकाना मी मोकळा ठेवला होता. त्यात कुणीतरी लिहिलं होतं: २.२०. मोकळा रकाना तपासणीत चालत नाही, एवढंच त्याचं कारण. मी ते खोडलं नाही. माझ्या वहीत मात्र ६.५५ लिहिलेलं आहे.

महोदय, "रक्त जात नाही ना, मग थांबा" हे वाक्य मी पुढेही बऱ्याच जणांकडून ऐकलं. म्हणून त्यात काय चुकतं ते आधी लिहिते.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या पिशवीच्या स्नायूंच्या जाळ्यातून जातात. वार सुटून बाहेर पडली की पिशवी आवळते आणि ओलं लुगडं पिळावं तसे ते स्नायू त्या वाहिन्यांना पिळून बंद करतात. वार आत असेल तर पिशवी पूर्ण आवळू शकत नाही. वार अजिबात सुटलेली नसेल तर रक्तही जात नाही, आणि सगळ्यांना वाटतं ठीक आहे. पण ती अर्धी सुटली की सुटलेल्या भागातल्या वाहिन्या उघड्या पडतात आणि उरलेली वार पिशवीला आवळू देत नाही. म्हणजे शांतता आहे तोवरच बाईला हलवायचं असतं. शिवाय वार सुटूनही पिशवीचं तोंड मिटलं तर ती आतच कोंडते. मागे रक्त साठत राहतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

आमच्या भागात आणखी एक समज घट्ट आहे. गाय-म्हैस व्याली की जार पडायची बारा तास वाट पाहतात, मग गुरांच्या डॉक्टरला बोलावतात. जनावरासाठी ते बरोबर आहे. तेच माप घरातली मोठी माणसं बाईला लावतात. मी त्यांना सांगायची, गाईची जार पिशवीला बटणांसारखी जागोजागी चिकटलेली असते, बाईची वार थेट आईच्या रक्तात बुडालेली असते. गाईला बारा तास मिळतात, बाईला अर्धा तास. हे म्हाताऱ्या बायकांना पटायचं, कारण त्यांनी दोन्ही पाहिलेलं असायचं. वार पडावी म्हणून बाळंतिणीच्या तोंडात तिचीच वेणी घालून ओकाऱ्या काढणं, नाळेला वजन बांधणं, पोट चोळून काढणं, हेही मी पाहिलं आहे. त्या सुइणींना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं, आणि वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही हा त्यांचा जुना नियम निदान वारेवर लक्ष तरी ठेवायला लावायचा. आपल्या हाती सगळं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. बाई दारापर्यंत आली आहे. आता उशीर होतो तो दाराच्या आत.

उपचारात फार गूढ नाही. अर्धा तास झाला की सलाईन, रक्तगट तपासणी, लघवीची नळी, ऑक्सिटोसिन, जपून नाळ ओढून पाहणं, आणि नाही आली तर हाताने वार काढण्याची तयारी. नाळ जोरात ओढायची नाही, ती तुटते. पिशवी सैल असताना ओढली तर पिशवीच उलटी होऊन बाहेर येते, आणि ते दृश्य ज्याने पाहिलं तो पुन्हा कधी ओढत नाही. वार आत असताना मेथर्जिन द्यायचं नाही, हेही जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलेलं आहे. पिशवी वेड्यासारखी आवळते आणि वार आणखी कोंडते. तरीही "एक मेथर्जिन देऊन बघा" असा फोनवरचा सल्ला मला मिळालेला आहे.

औषधाने वार पाडण्याचे प्रयत्न जगभर झाले. नाळेच्या शिरेतून ऑक्सिटोसिन सोडून पाहिलं, त्याचा मोठा अभ्यास ब्रिटन, युगांडा आणि पाकिस्तानात झाला आणि २०१० साली निकाल आला की उपयोग नाही. पुढे ब्रिटनमध्ये जिभेखाली नायट्रोग्लिसरीन फवारून पाहिलं, त्यानेही फरक पडला नाही. शेवटी गाडी येऊन थांबते ती हातावर. शिकलेला हात, कोपरापर्यंतचा निर्जंतुक हातमोजा, बाहेरून पोटावर पिशवी धरून ठेवणारा दुसरा हात, वार आणि पिशवी यांच्यामधला पदर शोधून कडेने हळूहळू सोडवत जाणारी बोटं, नंतर अँटिबायोटिकची मात्रा. हात घातल्यावर तो पदरच सापडला नाही तर वार पिशवीच्या मांसात रुजलेली आहे असं समजून थांबायचं. तिथे ओरबाडलं तर बाई टेबलावरच दगावते. आधी सिझर झालेल्या आणि या वेळी वार खाली, जुन्या व्रणावर बसलेल्या बाईत हा धोका मोठा. महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणानुसार चारातलं एक बाळंतपण सिझरने होतं, तेव्हा अशा बायका वाढतच जाणार. त्यांची सोनोग्राफी नीट बघून त्यांना आधीच मोठ्या रुग्णालयात पाठवायला हवं.

आता भुलीबद्दल, कारण या विषयावर कुणी बोलत नाही.

भूल न देता, वेदनाशामकही न देता, गर्भपिशवीत हात घातलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दोन जणींनी पाय धरायचे, एकीने खांदे दाबायचे. बाई ओरडली की तिला सांगायचं, "आता संपलंच, थोडं सोस." मी स्वतः पाय धरले आहेत. त्यातली एक पुढच्या खेपेला दवाखान्यात यायलाच तयार नव्हती. आशाताई तिच्या घरी चारदा गेली, मी दोनदा गेले. ती म्हणाली, "मरेन पण तिथं येणार नाही." गावात तिला अडाणी म्हणत होते. ती अडाणी नव्हती, तिला सगळं नीट आठवत होतं. जीव जात असताना, गाडी दोन तासांवर असताना हात घालावाच लागतो, हे मला मान्य आहे. पण अशा प्रसंगासाठीही वेदनाशामक आणि गुंगीच्या इंजेक्शनची पद्धत लिहून ठेवलेली आहे. ती औषधं प्रत्येक प्रसूतिगृहाच्या कपाटात असावीत आणि ती देण्याचा सराव डॉक्टरांना असावा. याला वेगळी योजना लागत नाही.

हाताने वार काढणं हे मूलभूत प्रसूती आपत्कालीन सेवेतल्या सात कामांपैकी एक आहे. म्हणजे कागदावर ते चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम आहे. प्रत्यक्षात माझ्या ३१ वर्षांत आमच्या केंद्रात ते करू शकणारे वैद्यकीय अधिकारी दोनच आले, आणि त्यांची बदली झाली की ती सेवाही गेली. नवीन आलेल्या तरुण डॉक्टरांची मला कीव यायची. त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतं, हाताने कधी केलेलं नसतं, आणि काही बिघडलं तर गाव अंगावर येणार हे माहीत असतं. ते चिठ्ठी लिहितात यात त्यांचा दोष कमी आहे. त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात नेऊन शिकवा. आधी पुतळ्यावर, मग तज्ज्ञांच्या शेजारी उभं करून. एमबीबीएस डॉक्टरांना भूल शिकवण्याचं १८ आठवड्यांचं सरकारी प्रशिक्षणही आपल्या देशात फार पूर्वीच सुरू झालं. ते घेतलेले डॉक्टर आज कुठल्या खुर्चीवर आहेत ते शोधा. ज्याने भूल शिकली त्याला शस्त्रक्रियागृह नसलेल्या ठिकाणी नेमलं तर त्या आठवड्यांचा काय उपयोग?

आणि पाठवायचंच असेल तर एकदाच पाठवा. त्या रात्री ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाहीत हे कुणाला तरी संध्याकाळीच माहीत होतं. मला माहीत नव्हतं, गाडीच्या चालकाला माहीत नव्हतं. जिल्ह्यात आज रात्री कुठे भूलतज्ज्ञ आहे, कुठे कोणत्या गटाचं रक्त आहे, ही यादी रोज संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक प्रसूतिगृहाच्या आणि १०८ च्या फोनवर यायला हवी. मोबाइलवर लग्नाच्या पत्रिका पोहोचतात, ही यादी पोहोचायला अडचण नसावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला गाडी आणि रक्त मोफत आहे. पण ते कुठे आहे हेच कळत नसेल तर त्या मोफतीचा तिला काय फायदा?

किती रक्त गेलं याचा अंदाज डोळ्यांनी घेणं हीदेखील आमची जुनी चूक. गादी, चादर, कापसाचे बोळे बघून आम्ही "दोनशे मिली" लिहायचो. खरं त्याच्या दुप्पट असायचं. यावरचा उपाय शेजारीच, बेळगावात तयार झाला. बाईच्या खाली पसरायची प्लॅस्टिकची चादर, तिला खाली मापाच्या रेघा असलेली नरसाळ्यासारखी पिशवी. बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत मिसोप्रॉस्टॉलच्या गोळ्यांचा जो अभ्यास झाला, १६२० बायकांचा, २००६ साली छापून आलेला, त्यात हीच चादर वापरली होती. त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. गोळ्या देणाऱ्या माझ्यासारख्याच गावातल्या नर्सबाई होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे अशी मापाची चादर आणि उपचारांचा एकत्र संच आफ्रिकेतल्या चार देशांत वापरला आणि २०२३ साली कळलं की गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी घटला. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ५०० मिलीची वाट पाहू नका, ३०० मिली रक्त गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला की उपचार सुरू करा. आमच्या भागात सात-आठ हिमोग्लोबिनवर बाळंत होणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी ३०० मिलीसुद्धा थोडं नाही. बेळगावची चादर अजून माझ्या जुन्या केंद्रात पोहोचलेली नाही.

वार पडली तरी काम संपत नाही. ती ट्रेमध्ये पसरून उजेडात बघायची. आईकडची बाजू ओंजळीत धरली की सगळे कप्पे एकमेकांना लागून बसायला हवेत. एखादा खड्डा दिसला तर तेवढा तुकडा आत आहे. पडद्याच्या कडेला जाऊन एखादी रक्तवाहिनी मध्येच तुटलेली दिसली तर आत एक छोटी जोडवार राहिली असण्याचा संभव असतो. हे मला एका जुन्या सिस्टरांनी शिकवलं. त्या म्हणायच्या, बाळाच्या तोंडाकडे नंतर बघ, आधी वारेचं तोंड बघ. आजकाल वार सरळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. आमच्याकडची एक बाई नवव्या दिवशी तापाने फणफणून आली, अंगावरून घाण वास येत होता. गावातल्या डॉक्टरांनी चार दिवस टायफॉइड म्हणून औषध दिलं होतं. सोनोग्राफीत वारेचा तुकडा निघाला. पिशवी साफ केली, तीही वाचली.

वाचलेल्यांबद्दलच मला शेवटचं लिहायचं आहे. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा माता मृत्यूदर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशात केरळच्या खालोखाल. याचा अभिमान मलाही आहे, त्यात आम्हा सगळ्यांचे हात लागले आहेत. बाई दगावली की माता मृत्यूचं अन्वेषण होतं, समिती बसते, प्रत्येक तासाचा हिशेब विचारला जातो. माझी २.१० ची बाई दगावली असती तर "तास-दोन तास बघा" हे वाक्य त्या फायलीत आलं असतं, भूलतज्ज्ञाची रिकामी जागा आली असती, ती पन्नास मिनिटं आली असती. ती वाचली म्हणून यातलं काहीच कुठे आलं नाही. मरता मरता वाचलेल्या मातांचाही आढावा घ्यावा अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहे, पण ती वैद्यकीय महाविद्यालयं आणि मोठ्या रुग्णालयांपुरती. आपण ती खाली आणा. अर्ध्या तासात वार न पडलेल्या प्रत्येक बाईचं एक पान भरा, ती सुखरूप घरी गेली तरीही. बाळ किती वाजता, फोन किती वाजता, गाडी किती वाजता, वार किती वाजता. ते पान भरणाऱ्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही, असं लेखी द्या. नाहीतर पुन्हा सगळीकडे दहा मिनिटंच लिहिली जातील.

आणि अर्ध्या तासानंतर गाडी बोलावण्याचा अधिकार प्रसूतिगृहात उभ्या असलेल्या नर्सला द्या. वरिष्ठांना तिने कळवावं, परवानगी मागायला लावू नका. गाडी येईपर्यंत वार पडली आणि गाडी रिकामी परत गेली, तर त्या डिझेलचा जाब तिला विचारू नका. त्या रात्री २.४० ला मला हा अधिकार असता तर मी फोन १०८ लाच केला असता.

मी अजून तालुक्यातच राहते. नव्या आरोग्यसेविकांना वार तपासायला शिकवायचं असेल, तर कुठल्याही केंद्रात, कुठल्याही दिवशी यायला तयार आहे, मानधन नको. येताना वही आणीन. त्यातली ज्या ओळींपुढे अर्ध्या तासाहून जास्त वेळ लिहिलेला आहे, ती सगळी पानं मी आपल्यासाठी झेरॉक्स करून ठेवली आहेत. बायकांची नावं झाकली आहेत, वेळा तशाच आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका